पोरांना वॉटर स्लाईड, बापाला रुलेट

सुट्टी जवळ आली की व्हॉट्सॲपवर क्रूझच्या जाहिराती फिरायला लागतात. मुंबई ते गोवा, दोन रात्री तीन दिवस, जेवणखाण तिकिटातच. फोटोत आजी-आजोबा खुर्चीत रेललेले, पूलमध्ये पोरं, कार्टूनचा वेश केलेला एकजण सगळ्यांशी हात मिळवतोय, आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरांत लाईव्ह शो, बार, कॅसिनो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. माझं म्हणणं एवढंच आहे की जे जहाज कुटुंबाच्या नावावर विकलं जातं त्याच्यावर कॅसिनो नको. लहानसा नको, कोपऱ्यातला पण नको. आणि हे मी गोव्यात बसून लिहितोय, त्यामुळे 'आधी तुमच्या मांडवी नदीतली कॅसिनो जहाजं बघा' हे ऐकावं लागणार, तेव्हा आधी मांडवीचंच बोलून घेऊ.

आमच्याकडे जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनना वाट करून दिली, १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती करून पाण्यावरच्या जहाजांत टेबलवरचे खेळ चालवायची सोय केली, आणि १९९९ च्या सुमारास कारावेला हे पहिलं कॅसिनो जहाज आलं. तेव्हा लोक म्हणाले एकच तर आहे, टुरिस्टांसाठी आहे, असू दे. आज मांडवीत सहा आहेत. विरोधात असताना 'कॅसिनो हटवू' म्हणणारे सत्तेत बसले की मुदतवाढ देतात, हे आम्ही इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी चिडत पण नाही. २०१७ च्या जुलैमध्ये लकी सेव्हन नावाचं कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत रुतून बसलं होतं, कित्येक आठवडे हलेना, लोक पोरांना घेऊन फोटो काढायला जायचे आणि वर हसून म्हणायचे की बघा, देवालाच मान्य नाही.

शनिवारी संध्याकाळी पणजीच्या बांदोडकर रस्त्यावर उभं राहून बघा कधीतरी. कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरातच्या गाड्या एकामागून एक, जेटीवर लाईन, छोट्या बोटी माणसं भरून जहाजावर नेतायत. त्या लाईनीत नुसते मित्रांचे ग्रुप नसतात, बायकापोरांना घेऊन आलेले पण भरपूर असतात, कारण काही जहाजांवर मुलांसाठी वेगळी खेळायची खोली असते आणि तसं जाहिरातीत सांगतात पण. एकदा रात्री अकराच्या पुढे मी तिथून घरी येत होतो तर जेटीबाहेरच्या कट्ट्यावर एक बाई खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन बसलेली, पायाशी पोराच्या चपला काढून ठेवलेल्या, फोनवर हळू आवाजात विचारत होती, 'अहो, अजून किती वेळ?' समोर पाण्यात जहाज लग्नाच्या मांडवासारखं झगमगत होतं.

पण निदान ती बाई जेटीवर येऊन बसू शकली. मुद्दा हाच आहे. मांडवीतलं जहाज नदीत उभं असतं, बोट रात्रभर ये-जा करते, कंटाळा आला, पैसे संपले, बायको रागावली, की माणूस बोटीत बसतो आणि पाच मिनिटांत रस्त्यावर असतो, टॅक्सी असते, हॉटेल असतं. क्रूझवर कुठे जाणार? खाली अरबी समुद्र.

आता कोणी म्हणेल की हा काय संस्कारांचा मामला आहे का. अजिबात नाही, आम्हाला जुगाराचं सोवळं नाही. चवथीला जागरण म्हणून घरोघरी पत्ते बसतात, तीन पत्ती पैसे लावूनच चालते. जत्रेत गडगड्याचा जुगार असतो, पोलीस धाड टाकतात तरी पुढच्या जत्रेला परत असतोच, आणि गोव्यात मटक्याचा आकडा माहीत नाही असा वाडा मला तरी दाखवा. पण चवथीच्या पत्त्यांत कोण बसलेलं असतं? काका, मामा, शेजारचा बाब, स्वयंपाकघरातून अधूनमधून डोकावणारी आजी. एखाद्याने जरा मोठा डाव लावला की आजीच ओरडते, 'पुरे रे आता, सकाळी आरतीला उठायचंय.' जत्रेत खिशातले पैसे संपले की माणूस घरी जातो, उधारीवर कोणी गडगडा खेळायला देत नाही. म्हणजे खेळाला कुठेतरी ब्रेक असतो, कधी माणसांचा, कधी खिशाचा, कधी रस्त्याचा. क्रूझवर हे तिन्ही ब्रेक नीट आखणी करून काढून टाकलेले असतात. चुकून असं कोणी करत नाही.

खिशाचा ब्रेक घ्या. बऱ्याच क्रूझ जहाजांवर चढलं की एक कार्ड देतात, तेच खोलीची चावी, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. कॉफी घेतली कार्ड, फोटो घेतला कार्ड, आणि पुष्कळ जहाजांवर कॅसिनोतल्या मशीनला पण तेच कार्ड लावून खेळता येतं, हिशोब खोलीच्या बिलात. ज्या बिलात पोराचं आईस्क्रीम असतं त्याच बिलात बापाचं रुलेट. नोटा मोजून देताना हाताला जे जाणवतं ते इथे जाणवतच नाही.

आणि गणित तर साधं आहे, ते कोणी लपवून पण ठेवलेलं नाही. रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्याच्या घरात पडेल त्यावर पैसे लावायचे. चाकावर दोन शून्यं असली की ३८ घरं होतात आणि लावलेल्या पैशांत कॅसिनोचा वाटा सरासरी ५.२६ टक्के, एकच शून्य असेल तर ३७ घरं आणि २.७ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दर डावाला ५०० रुपये, तासाला ४० डाव, असे चार तास धरले तर माणूस ८०,००० रुपयांचे डाव लावून उठतो आणि दोन शून्यांच्या चाकावर सरासरीने ४,२०० च्या आसपास तिथे ठेवून येतो. एखाद्या रात्री जिंकेल पण, तोच तर फास आहे. म्हणजे कॅसिनोला माणूस हरायला लागत नाही, नुसता बसून राहायला लागतो, आणि माणूस बसून राहावा यासाठी समुद्राच्या मध्यावरच्या जहाजासारखी जागा दुसरी नाही.

आमच्या वाड्यावर बोटीवर नोकरी केलेले पुष्कळ आहेत. गोव्यात हे काही नवीन नाही, पिढ्यानपिढ्या तारवटी, कोणी किचनमध्ये, कोणी हाऊसकीपिंगला, कोणी बारला. त्यातला एक मोठ्या परदेशी क्रूझवर कॅसिनोच्या बारला होता. तो सांगतो की जहाज बंदराला लागलं की बहुतेक ठिकाणी तिथल्या कायद्यामुळे कॅसिनो बंद असतो, लोक उतरून फिरायला जातात, आणि ज्या दिवशी बंदर नाही, नुसता समुद्र, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. 'खंय वतलो तो?', जाणार कुठे तो, असं म्हणून तो हसतो. त्याचं घर त्या पगारावर उभं राहिलंय, त्याला कॅसिनोबद्दल राग वगैरे काही नाही, पण स्वतःच्या पोरांना घेऊन अशा जहाजावर जाशील का विचारलं तर सरळ नाही म्हणतो.

आमच्याच घरातलं सांगतो. आम्ही दोन कुटुंबं मिळून मुंबईहून क्रूझने गोव्याला आलो होतो, मी, बायको, मुलं, आणि माझी मावसबहीण, भावोजी, त्यांच्या दोन मुली. भावोजी म्हणजे एकदम सज्जन माणूस, बँकेत नोकरी, बाहेर कधी पत्त्याला हात लावलेला नाही. पहिल्या रात्री जेवायला जाताना वाटेत कॅसिनो लागला, 'जरा बघून येतो' म्हणाले. आम्ही जेवून उठलो तरी पत्ता नाही. मी बघायला गेलो तर एका टेबलपाशी उभे. म्हटलं, 'भावोजी, जेवण बंद होईल हो.' तर म्हणे, 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांचा टॅलेंट शो होता, धाकटी स्टेजवर नाचली, ताईने व्हिडिओ काढला, भावोजी 'आलोच' मध्येच होते. नंतर आले, खूष होते, वर ताईला म्हणाले व्हिडिओ पाठव गं. शेवटच्या सकाळी खोलीच्या दाराखालून बिल सरकवलेलं असतं, ते त्यांनी उचललं, उभ्याउभ्याच वाचलं, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात घातलं. किती झाले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताई मात्र जहाजावरून उतरेपर्यंत काही बोलली नाही, आणि गोव्यात उतरल्यावर जो दोन दिवसांचा हॉटेलचा प्लॅन होता तो रद्द करून ते रेल्वेने घरी गेले.

आता यात कोणी भावोजींना दोष देईल, मोठा माणूस, स्वतःच्या अकलेने गेला. बरोबर आहे. पण त्या जहाजाने तिकीट कोणाला विकलं होतं? चौघांना. चौघांची सुट्टी विकली आणि त्यातल्या एकाला बाजूला काढून त्याच्याकडून चौघांच्या सुट्टीचे पैसे परत एकदा घेतले. मित्रमित्र गेलेत, नवराबायको दोघंच गेलेत, तर त्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न, माझं काही म्हणणं नाही. ज्याचा तोटा त्यालाच लागतो तिथे कॅसिनो चालू दे. कुटुंबाच्या सहलीत हरणारा एक असतो आणि रिकामी होणारी सहल सगळ्यांची असते.

याच्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, मग बार पण बंद करा. बारचं कसं आहे, माणूस कितीही प्यायला तरी पोटाला एक मर्यादा आहे, कधीतरी तो खोलीवर जाऊन झोपतोच, आणि प्यालेला माणूस दिसतो, बायकोला कळतं, वेटरला कळतं. जुगारात हरत चाललेला माणूस बाहेरून एकदम व्यवस्थित दिसतो, केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. धर्मराजासारखा धर्मराज भर सभेत बसून सगळं हरत गेला, सगळे बघत होते आणि कोणाला थांबवता आलं नाही, तिथे सहलीला आलेल्या साध्या नोकरदाराचं काय घेऊन बसलात.

मुलांचं म्हणाल तर 'आत फक्त मोठ्यांना' ही पाटी असते, मान्य. पण कॅसिनो बहुतेक जहाजांवर मध्यावरच असतो, थिएटरकडून डायनिंगकडे जाताना एकतर त्याच्यातून नाहीतर अगदी कडेने जावं लागतं, दिवे, आवाज, नाणी पडल्याचा खणखणाट, पोरं माना वळवून वळवून बघतात. शिवाय परदेशी जहाजांत बऱ्याच ठिकाणी आत सिगरेट ओढायला परवानगी असलेली जागा म्हणजे कॅसिनोच, त्यामुळे धूर कॉरिडॉरमध्ये येतो आणि दम्याचा त्रास असलेल्या आजोबांना लांबचा वळसा घालावा लागतो. आणि मुलांसाठी म्हणून जे आर्केड असतं तिथे पण तेच खोलीचं कार्ड स्वाईप, पंजाने खेळणं उचलायचं मशीन, परत एकदा, परत एकदा. तालीमच आहे ती.

आता पैशाचा मुद्दा, जो खरा मुद्दा आहे. कंपन्या म्हणतात कॅसिनो, बार, दुकानं यांच्या कमाईमुळे तिकीट स्वस्त राहतं. खोटं नाही ते. पण म्हणजे माझं स्वस्त तिकीट भावोजींसारख्या कोणाच्या तरी बिलातून आलेलं असतं. मोठ्या अमेरिकन कंपन्या तर जास्त खेळणाऱ्याला पुढची क्रूझ फुकट किंवा अर्ध्या दरात देतात, त्यांचे कॅसिनो क्लब असतात, पॉईंट असतात. बाप यावर्षी जेवढं जास्त लावणार तेवढी पुढच्या वर्षी खोली मोठी, बाल्कनीवाली. घरच्यांना वाटतं काय नशीब बघा, फुकट ट्रिप मिळाली.

आणि कॅसिनोशिवाय क्रूझ चालतच नाही हे तर धादांत खोटं. डिस्नेची जहाजं १९९८ पासून समुद्रात आहेत, एकावरही कॅसिनो नाही, आणि तिकीट इतरांपेक्षा महाग असूनही लोक पोरांना घेऊन जातातच. गंमत म्हणजे सिंगापूरहून चालवण्यासाठी त्यांनी जे डिस्ने ॲडव्हेंचर घेतलं, ते मुळात गेंटिंग या कॅसिनोवाल्या ग्रुपच्या क्रूझ कंपनीसाठी बांधायला घेतलेलं जहाज होतं, कंपनी बुडाली, जहाज अर्धवट राहिलं आणि २०२२ मध्ये डिस्नेने ते विकत घेतलं. दुसऱ्या टोकाला वायकिंग, तिच्या जहाजांवर १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत, म्हणजे सगळे मोठेच, तरी तिथे पण कॅसिनो नाही. आणि हवाई बेटांभोवती फिरणारं प्राईड ऑफ अमेरिका घ्या, हवाईत जुगाराला बंदी म्हणून त्या जहाजावर कॅसिनोच नाही, त्याच कंपनीच्या बाकीच्या जहाजांवर आहे. म्हणजे राज्याने ठाम नाही म्हटलं की कंपनीला कॅसिनोशिवाय पण धंदा जमतो. हे आमच्या पणजीतल्या साहेबांनी जरूर वाचावं.

कारण आपल्याकडे कायद्याची अवस्था काय आहे बघा. गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश नाही, १ फेब्रुवारी २०२० पासून हे अंमलात आलं, टुरिस्टांना पण वय २१ पूर्ण लागतं. म्हणजे सरकारला मनातून पक्कं माहितीये की ही गोष्ट घरच्यांसाठी बरी नाही. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनोचा कायदा कधी अंमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करून टाकला. केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मोबाईलवर पैसे लावून खेळायचे सगळे खेळ बंद करणारा कायदा केला, रमीसकट, आणि सप्टेंबरमध्ये कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के केला. एवढं सगळं जमिनीवर. आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर पुढे गेलं की प्रादेशिक समुद्राची हद्द संपते, राज्याच्या कायद्याचा हात तिथवर पोचत नाही, आणि ज्या पणजीकराला मांडवीतल्या जहाजाच्या दारातून परत पाठवतात तो मुरगाव बंदरातून सुटलेल्या क्रूझवर पोराबाळांसकट बसून तेच टेबल आरामात गाठू शकतो. सिंगापूरने स्वतःच्या नागरिकांना कॅसिनोत जायला दिवसाला १५० सिंगापूर डॉलर प्रवेश फी लावलीये, २०१९ च्या आधी १०० होती. निदान त्यांनी दारात एक ब्रेक ठेवला, आमच्याकडे ब्रेक किनाऱ्यावरच उतरवून ठेवलाय.

नोकऱ्यांचं काय, हे कोणीतरी विचारणारच. माझ्या शेजारचा मुलगा मांडवीतल्या कॅसिनोत पत्ते वाटणारा डीलर आहे, त्याची नोकरी जावी असं मला वाटत नाही, आणि मी मांडवीतली जहाजं उद्या हटवा असं इथे म्हणत पण नाही, तो वेगळा लेख होईल आणि त्याच्यावर वेगळ्या शिव्या खाईन. क्रूझवर कॅसिनोतली माणसं असतात किती? बाकीचे शेकडो लोक किचन, केबिन, इंजिन, थिएटर, लहान मुलांचे क्लब सांभाळत असतात, आणि कॅसिनो काढून तिथे लायब्ररी केली, पिक्चरचं छोटं थिएटर केलं, अगदी हाऊजीचा हॉल केला तरी माणसं लागणारच आहेत.

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला क्रूझ भारत मिशन सुरू केलं, २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी १० लाखांवर न्यायचेत. चांगलंच आहे. मुंबई-गोवा बोटीने यायचं आम्हाला काही कौतुक नाही, कोकणातली जुनी माणसं आजही त्या बोटींच्या आठवणी काढतात, डेकवर वळकटी टाकून, ट्रंका उशाशी घेऊन यायची सगळी. पण एवढी माणसं आणणार असाल तर नियम आत्ताच ठरवा, मांडवीत सहा झाल्यावर डोकं खाजवत बसलो तसं नको. मुरगावला जागा मागणाऱ्या जहाजाने आधी सांगावं की ते फॅमिली क्रूझ आहे की नाही. आहे म्हणत असेल, जाहिरातीत पोरंटोरं दाखवत असेल, मुलांचं अर्धं तिकीट विकत असेल, तर कॅसिनो नाही, एवढी एक अट. नसेल तर खुशाल मोठ्यांची क्रूझ म्हणून चालवा, १८ च्या खाली कोणी चढणार नाही, आणि तिथेही कॅसिनोचा व्यवहार खोलीच्या कार्डवर नको, चढतानाच जे पैसे बाजूला काढले तेवढेच.

आणि तिकीट महाग होईल म्हणता तर होऊ दे. चार जणांमागे चार-पाच हजार जास्त पडले तर दोन रात्रींऐवजी एकच रात्र जाऊ, नाहीतर एक वर्ष थांबून जाऊ. भावोजींना विचारा, त्या हिशोबात त्यांना ती क्रूझ स्वस्तच पडली असती.